ती खोली तुमचीच

ये, जरा जवळ सरक. तू समोर नाहीस हे मला ठाऊक आहे, पण समोर बसली आहेस असं धरल्याशिवाय मला लिहिता येत नाही. आणि ती कानातली वायर काढ आधी. आत्या बोलायला लागली की तुझा एक कान माझ्याकडे आणि दुसरा पुण्याला, ही तुझी जुनी खोड आहे. माझ्या भावाची लेक आर्किटेक्ट झाली, मोठमोठ्या कंपन्यांची ऑफिसं मांडते, याचं कौतुक मी मळ्यावर येईल-जाईल त्याच्यापाशी करते. पण परवा फोनवर जे बोललीस ते मला आवडलं नाही.

म्हणालीस, "आत्या, सगळ्या केबिन काढून टाकल्या, इतकं मोकळं, सुंदर ऑफिस झालंय, आणि तिथल्या एक जुन्या बाई तोंड फुगवून बसल्यात. काय झालंय ते सांगतही नाहीत." आणि हसलीस.

तेव्हा गॅसवर दूध होतं, म्हणून मी फोन ठेवला. आता सांगते तिला काय झालंय ते. म्हणजे तिचं मला माहीत नाही, माझं सांगते.

मी सातपूरच्या कारखान्यात कामाला लागले ती नव्वदच्या सुमारास. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड. आत पत्रा दाबून सुटे भाग करायचे, आणि शेडच्या एका टोकाला प्लायवूडचे आडोसे घालून केलेलं ऑफिस. मला धड कुणी शिकवलेलं नव्हतं. दुपारच्या सुट्टीत जुन्या टाइपरायटरवर एकेक बोट आपटत टायपिंग शिकले, इंग्रजी पत्रं पुन्हा पुन्हा वाचून इंग्रजी शिकले, आणि पुढे माल कुठे गेला, कधी गेला हे सगळं माझ्याकडे आलं. माझं टेबल बोळात होतं. येणारा प्रत्येक माणूस माझ्या खुर्चीला धक्का देऊन पुढे जायचा आणि "सॉरी" म्हणायचा. काही तेही म्हणायचे नाहीत.

आणि माझ्या बरोबर समोर होती केबिन.

केबिन म्हणजे काय, तू बघितलीस तर नाक मुरडशील. प्लायवूडच्या भिंती, वर पांढरी काच, आणि आपोआप मिटणारं दार. त्यात हिशेबाच्या मोठ्या बाई बसायच्या. आम्ही सगळे त्यांना मोठ्या बाईच म्हणायचो. आत भिंतीवर एक हातभर आरसा होता, पर्सला खुंटी होती, टेबलाखाली पाय ठेवायला लाकडी पाट होता. त्या दार लावून डबा खायच्या. दार लावून केस विंचरायच्या. एकदा घरून कसलासा फोन आला तर दार लावून रडल्या आणि पावडर लावून बाहेर आल्या. मी रडले तर सगळा बोळ बघायचा.

मला त्यांच्या पगाराचा हेवा नव्हता गं. त्यांच्या हुद्द्याचाही नव्हता. मला त्या दाराचा हेवा होता. इतका, की ते मिटताना जो 'फट्' आवाज व्हायचा तो ऐकला की माझं टायपिंग चुकायचं.

आता तू म्हणशील, एका दाराचं काय एवढं. तुझ्या जन्मापासून तुला खोली आहे, म्हणून म्हणशील. माहेरी आम्ही पाच भावंडं एका खोलीत. लग्न होऊन मखमलाबादच्या या मळ्यावर आले, तर घर मोठं, पण दिवसा कुठलंच दार मिटायचं नाही. फुलं तोडणाऱ्या बाया, शेजारपाजार, पाहुणे, कुणीही कुठूनही आत. एकदा डोकं दुखत होतं म्हणून मी दार ओढून पडले, तर सासूबाई बाहेरून म्हणाल्या, "दार कशाला लावलंय? आत काय सोनं वितळवती का?" सगळ्या बाया हसल्या. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण मी उठून दार उघडलं आणि पुन्हा कधी लावलं नाही.

तर ते दार लावायला मिळणारी एक बाई माझ्यासमोर रोज बसायची. आणि वर तिच्या दाराला तोरण मी करायचे. आमचा फुलांचा मळा ना, मग खंडेनवमीला, कारखान्यात यंत्रांची पूजा असायची तेव्हा, झेंडू माझ्याकडूनच यायचा. मशीनना हार, गेटला मोठं तोरण, आणि केबिनला एक लहान. गेटला मी टपोरा झेंडू लावायचे. केबिनला जरा बारका. मोठ्या बाई खाली उभ्या राहून सांगायच्या, "अगं, डावीकडे लोंबतंय बघ." मी स्टुलावर उभी, तोंडात दोरा, आणि मनात म्हणत असायचे, लोंबू दे.

त्यांचं निवृत्त व्हायचं जवळ आलं तेव्हा शेठ एकदा माझ्या टेबलापाशी थांबले. म्हणाले, "बाई, आता यांच्यानंतर ती केबिन तुमचीच."

बस, एवढंच. पण मला जे झालं ते मी कुणाला सांगितलं नाही. संध्याकाळी घरी जाताना पंचवटीत उतरले आणि एक आरसा बघून ठेवला, मोठ्या बाईंच्या आरशापेक्षा थोडा मोठा. घेतला नाही, नुसता बघून ठेवला. मोठ्या बाईही उमद्या होत्या, मला आत बोलावून कुठला खण अडकतो, पंख्याचं बटण कसं तिरकं दाबायचं ते दाखवायला लागल्या. मी सगळं ऐकून घेतलं आणि मनातल्या मनात त्यांचं टेबल खिडकीकडे वळवून टाकलं. खिडकी नव्हतीच, पण वळवलं.

आणि मग शेठांची मुलगी शिकून परत आली. तिने शेजारच्या मोकळ्या जागेवर नवं ऑफिस बांधायचं ठरवलं. मोठ्या बाई निवृत्त झाल्या, पण आता नवं होणारच आहे म्हणून जुनी केबिन नकाशे आणि सामान ठेवायला गेली, आणि मी बोळातच राहिले.

त्यासाठी पुण्याहून एक आर्किटेक्ट मॅडम यायच्या. खादीचा कुर्ता, आखूड केस, हातात पट्टी. विटांच्या ढिगावर मांडी घालून बसायच्या आणि ठेकेदाराला म्हणायच्या, "हे पाडा, परत करा." आणि तो पाडायचा. आमच्या घरी मी भाजीत मीठ कमी आहे म्हटलं तरी तिघं चव बघून ठरवायचे. म्हणजे बघ, त्यांचाही हेवा आलाच.

पण त्यांचं बोलणं मला आवडायचं, खोटं कशाला सांगू. त्या माझ्या बोळातून जाताना थांबायच्या, चहा घ्यायच्या, समजावून सांगायच्या. म्हणायच्या, "ताई, जुन्या घरात भिंत भार घेते, म्हणून ती हलवता येत नाही. आता खांब भार घेतात. मग भिंत कशाला हवी? मग काच लावा, नाहीतर काहीच लावू नका." मी म्हटलं, "म्हणजे द्राक्षाचा मांडव. खांब आणि तारा भार घेतात, पानं नुसती पसरतात." त्यांना ते इतकं आवडलं की पुढे शेठांना समजावताना त्या मांडवच सांगायला लागल्या. माझं नाव घ्यायच्या नाहीत, पण ते असो.

त्या सांगायच्या की परदेशात जुन्या काळी काही लोकांनी ठरवलं, इमारतीला दागिने घालायचे नाहीत. कमान नको, नक्षी नको. सिमेंट आहे तर सिमेंट दिसू दे, लोखंड आहे तर लोखंड. उजेड आणि वारा सगळ्यांना सारखा मिळू दे, साहेबाला वेगळा आणि कारकुनाला वेगळा नको. हे ऐकताना मला वाटायचं, खरंच की, किती न्यायाचं बोलतायत. आणि लगेच वाटायचं, पण केबिन?

विचारायचं कसं? मोठ्या तोंडाने केबिन मागायची हे आपल्याला जमत नाही. मी वाट बघत राहिले. एक दिवस मॅडमनी थर्माकोलचं मॉडेल आणून टेबलावर ठेवलं आणि आम्हा ऑफिसच्या लोकांना बोलावलं. आम्ही सगळे भोवती जमलो. खालून खांब, त्यावर उचललेला लांबट डबा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग खिडकी. वरचं छप्पर उचललं की आत लांबच लांब टेबलं. मी घर शोधावं तशी माझी केबिन शोधत होते. आणि सापडली. कोपऱ्यात, खिडकीजवळ, एक छोटी चौकोनी खोली. तिला चिमुकलं दार.

मी बोट ठेवलं आणि विचारलं, "ही कुणाची?"

मॅडम माझ्याकडे बघून हसल्या. म्हणाल्या, "ही? ही तुमचीच."

झालं. मला आणखी काय ऐकायचं होतं? शेठांनी जो शब्द वापरला होता तोच शब्द.

मी घरी सांगितलं. तुझ्या काकांना सांगितलं, सासूबाईंना सांगितलं. सासूबाई फुलं तोडणाऱ्या बायांना सांगत होत्या, "आमच्या सूनबाईला काचेची खोली देत्यात. मोठी सायबीण झाली." त्या बायांनी ते पार मार्केटपर्यंत नेलं. निवृत्त झालेल्या मोठ्या बाईंना मी मुद्दाम फोन करून सांगितलं, "बाई, मला खिडकीची मिळतेय." खिडकीची या शब्दावर जरा जोर दिला. त्या म्हणाल्या, "छान झालं गं." आणि तो आरसा मी घेऊन टाकला.

बांधकाम चाललं तेवढे महिने मी रोज दुपारी डबा खाऊन तिकडे चक्कर मारायचे. कोपऱ्यातली ती खोली उभी राहताना बघायचे. भिंतींवर सिमेंट ओतायच्या साच्याच्या फळ्यांच्या रेघा तशाच उमटलेल्या. कामगार विचारायचे, "बाई, गिलावा कधी होणार?" मी ऐटीत सांगायचे, "होणार नाही. हे असंच असतं." जसं काही मीच काढलंय.

नव्या इमारतीत जायचं ठरलं खंडेनवमीच्याच दिवशी. मी पहाटे मळ्यात जाऊन झेंडू तोडला. या वेळी टपोरा झेंडू गेटला गेला नाही. मध्ये आंब्याची कोवळी पानं, शेवटाला शेवंती, असं तोरण मी आयुष्यात केलं नव्हतं. सासूबाई नवीन लुगडं नेसून माझ्याबरोबर आल्या. आत शिरल्या, वर खाली बघितलं आणि मोठ्याने म्हणाल्या, "गिलावा राह्यला वाटतं."

मी त्यांना पाण्याच्या कूलरजवळ बसवलं आणि तोरण घेऊन कोपऱ्याकडे गेले. तर त्या खोलीत कोण बसलेलं? संगणकावर काम करायला नवी आलेली मुलगी. तू आता आहेस त्यापेक्षा लहानच असेल. खुर्चीवर मांडी घालून मोबाइलवर कुणाशी तरी हसत होती. मला बघून तिने हात केला, म्हणजे थांबा, एक मिनिट. माझ्या खोलीत बसून मला थांबा.

मग बाहेर आली आणि म्हणाली, "जा ना काकू, तुम्हाला पण फोन करायचाय का?"

मी विचारलं, "तू इथे कशी?"

"अहो, ही सगळ्यांची आहे. कुणाला खासगी बोलायचं असलं, शांत बसायचं असलं तर. मॅडमनी सांगितलं नव्हतं का?"

मॅडम तिथेच होत्या. त्यांनी माझ्या हातातलं तोरण बघितलं, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि त्यांना उमजलं. म्हणाल्या, "ताई, मी 'तुमचीच' म्हणाले, म्हणजे तुम्हा सगळ्यांची. सगळ्या स्टाफची."

आता सांग, त्यात त्यांची काय चूक? आपल्या भाषेत एकीला मान दिला तरी 'तुमची' आणि सगळ्या गावाला सांगितलं तरी 'तुमची'. त्या मला 'तुझी' म्हणाल्या असत्या तर खोली माझी झाली असती. मान दिला म्हणून ती सगळ्यांची झाली.

मी म्हटलं, "हो, हो. मला कळलं होतं तेव्हाच. सगळ्यांसाठीच आणलंय हे." शेठ लांबून बघत होते. त्यांनी नजर चुकवून नारळ कुठे आहे ते विचारलं. केबिनच नाही तर 'केबिन तुमचीच' याला काय अर्थ.

तेवढ्यावर सुटले असते तर बरं. पण तोरण तर बांधायला हवं. त्या दाराला चौकटच नव्हती, वरपासून खालपर्यंत नुसती काच. वर सिमेंट, त्याला खिळा मारायचा नाही, हे मीच कामगारांना बजावत आले होते. ती मुलगी धावत जाऊन चिकटपट्टी घेऊन आली. ओला झेंडू, चिकटपट्टी धरते कुठे. दोनदा लावलं, दोनदा माझ्या डोक्यावर पडलं. लोक जमले. सासूबाई पाण्याजवळून म्हणाल्या, "अगं, तुझी खोली कंची?" मी ऐकलं नाही असं दाखवलं. शेवटी त्या मुलीने तोरण घेतलं आणि सासूबाईंच्या शेजारच्या पाण्याच्या कूलरला गुंडाळलं. दिवसभर माणसं येत होती, पाणी पीत होती आणि म्हणत होती, "वा, काय तोरण आहे."

मोठ्या बाईही आल्या होत्या पूजेला. मला टाळायचं होतं त्यांना, पण त्या शोधत आल्या. लांब टेबलावर मला दिलेल्या खुर्चीवर बसल्या, सलग खिडकीतून पांडवलेण्यांचा डोंगर समोर दिसत होता. खूप वेळ बघत राहिल्या. मी मनात तयारी करत होते, आता विचारतील, खोली कुठे.

त्या म्हणाल्या, "माझी सगळी नोकरी त्या डब्यात गेली गं. ट्यूबलाइट बंद केली की बाहेर दुपार आहे का संध्याकाळ, कळायचं नाही. तू बोळात बसायचीस, सगळ्यांशी बोलायचीस, सगळ्यांच्या बातम्या तुला आधी. तुमचं हसणं ऐकू यायचं आणि मला वाटायचं, उठून जावं, पण मी गेले की तुम्ही गप्प व्हायचात. आणि आता तुला हे. नशीबवान आहेस."

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं ना? नाही वाटलं. उलट रागच आला. इतकी वर्षं मी त्यांचा हेवा केला, तो किती मेहनतीने केला, आणि त्या इथे येऊन सांगतात की त्याच माझा हेवा करत होत्या. म्हणजे तेही माझं राहिलं नाही. मी म्हटलं, "बाई, चहा घेणार का?"

मी त्या इमारतीत निवृत्त होईपर्यंत काम केलं. उजेड सुरेख होता, उन्हाळ्यात पंख्याशिवाय वारा यायचा, कुणी खुर्चीला धक्का मारत नव्हतं. चष्म्याचा नंबर वाढायचा थांबला. हे सगळं खरं आहे आणि तुझ्या आणि त्या मॅडमच्या आर्किटेक्ट जातीचं मी श्रेय काढून घेत नाही. पण लांब टेबलावर डबा उघडला की सगळ्यांना दिसायचं आज काय आहे. ती मुलगी माझ्या शेजारी, खुर्चीवर मांडी घालून, कानात वायर खुपसून, जगाला विसरून काम करायची. तिला दार लागायचंच नाही. कान बंद केले की तिची केबिन तयार. मला तिचाही हेवा वाटायचा. मला कान बंद करता येत नव्हते, चार टेबलांपलीकडे कुणाच्या सासूचं काय बिनसलंय तेही माझ्या कानावर यायचं.

एकदा, फक्त एकदा, मी त्या काचेच्या खोलीत गेले. फोन करायचा नव्हता. दार लावलं आणि बसले. आवाज एकदम थांबला. मी डोळे मिटणार तेवढ्यात काचेतून ती मुलगी दिसली, बोटांनी विचारत होती, काकू, झालं का?

निवृत्तीनंतर मळ्यावर फुलं ठेवायची जुनी खोली पाडून पुन्हा बांधायची निघाली, तेव्हा मी अडून बसले. म्हटलं, तिच्या मागे मला एक खोली हवी. लहान चालेल. दार लाकडी, काच नको, आणि कडी आतून. तुझे काका म्हणाले, "आता या वयात कडी कशाला?" मी म्हटलं, "याच वयात." दोन दिवस घरात कुणी धड बोललं नाही. मग गवंडी आला.

आता मी तिथेच बसून लिहितेय. कडी लावलेली आहे. आरसा समोर आहे, थोडा मोठा पडतो या भिंतीला. आणि मला ऐकू येतंय, अंगणात सुना आणि फुलं तोडणाऱ्या बाया कशावर तरी हसतायत. काय झालं असेल? मी बाहेर गेले तर सांगतील का गप्प बसतील? जीव इथे लागत नाहीये. मोठ्या बाई त्या दिवशी हेच म्हणाल्या होत्या, तेव्हा मी चहाचं विचारलं होतं.

तर तुझ्या त्या तोंड फुगवलेल्या बाईंबद्दल. त्यांना केबिन परत दे असं मी म्हणत नाही, तुझं काम तुला कळतं. पण त्यांना जाऊन विचार, आधी त्यांना कुणी काय कबूल केलं होतं. एवढंच विचार, आणि हसू नकोस. आणि यापुढे नकाशा दाखवताना कुणी बोट ठेवून "ही कुणाची" विचारलं, तर "तुमची" म्हणू नकोस. "सगळ्यांची" म्हण. लगेच वाईट वाटू दे, पण महिने महिने आशेवर ठेवू नकोस.

बाकी आल्यावर बोलू. या दिवाळीला नाही, त्याआधी ये. नवऱ्याला, पोराला घेऊन ये नाहीतर एकटी ये, आणि फोन करून येऊ नकोस, नाहीतर स्वयंपाकघरात तीन दिवस आधीपासून गोंधळ सुरू होतो. मी खोलीत असले तर दार वाजव, जरा जोरात, लाकूड जाड आहे. मग तूच सांग, आत बसायचं का बाहेर. ये लवकर.